हिमावरचा पट्टा



शाळेंत भूगोल शिकवितांना तीस वर्षें मीं ध्रुवप्रदेश फळ्यावर पांढऱ्या खडूनें रंगविले. पांढरें, थंडगार आणि सगळीकडे सारखेंच, अशी हिमाची माझी कल्पना होती, आणि मुलांच्या पदरांतहि मीं तीच घातली. आपल्याकडे बर्फ म्हटला कीं गोळेवाल्याचा रंधा आठवतो, नाहीं तर उसाच्या रसाचा पेला. आकाशांतून पडणारें हिम आणि कारखान्यांत गोठविलेली लादी यांना आपण एकाच नांवानें हांक मारतों. त्यांत आपला दोष नाहीं. ज्याच्याशीं व्यवहार नाहीं त्याला शब्द कमीच लागतात. आजच्या भाषणांत मात्र मी भेद पाळणार आहें: भुसभुशीत पडतें तें हिम, आणि घट्ट गोठतो तो बर्फ.

दोन वर्षांपूर्वीं थोरल्या मुलानें हट्ट धरून मला गुलमर्गला नेलें, आणि साठी उलटल्यावर माझा पाय प्रथमच हिमांत बुडाला. प्रवाशांना हिंडविण्यासाठीं तेथें लहान यांत्रिक गाड्या असतात. इंग्रजींत त्यांना स्नोमोबाईल म्हणतात. आपण हिमगाडी म्हणूं. पुढें दोन घसरफळ्या असतात, त्यांनीं गाडी वळते. बसणाराच्या खालीं एकच रुंद रबरी पट्टा रणगाड्याच्या पट्ट्याप्रमाणें फिरतो आणि गाडीला पुढें ढकलतो. आमचा चालक एका वळणापाशीं थबकला. पलीकडे रात्रीं पडलेलें मांडीभर ताजें हिम होतें. मी म्हणालों, "अहो, इंजिन तर चांगलें जोरदार दिसतें. मग अडलें कुठें?" तो हंसून म्हणाला, "साहेब, इंजिन काय करील? हा पट्टा पक्क्या वाटेचा आहे. ताज्यासाठीं निराळा लागतो." आणि त्यानें पट्ट्यावरच्या रबरी कंगोऱ्याशेजारीं आपली तर्जनी उभी धरली. कंगोरा जेमतेम एका पेराचा होता. "सगळें बोट बुडेल एवढा पाहिजे," तो म्हणाला.

एका बोटाच्या मापानें त्या मनुष्यानें जें सांगितलें तें समजण्यास मोठमोठ्या शोधकांना पन्नास-साठ वर्षें लागलीं. त्यांत पैसा गेला, कित्येकांचे बेत मोडले, आणि एका घरचें मूलहि गेलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम हिमाचा स्वभाव पाहूं. नुकतें पडलेलें कोरडें हिम एका घनमीटर जागेंत अवघें 50 ते 100 किलो भरतें. बाकी सारी हवा. कांहीं दिवस बसलें कीं तेंच 200 ते 300 किलो होतें. वाऱ्यानें झोडपलेलें हिम 400 च्या घरांत जातें, आणि निखळ बर्फ 917 किलोंचा असतो. म्हणजे एकाच पांढऱ्या रंगाखालीं वजनांत दहा-पंधरा पटींचा फरक! शिवाय हिमाला एक खोड आहे. तें तुडविलें, दाबलें आणि कांहीं तास थंडींत तसेंच राहूं दिलें, तर आपोआप घट्ट होतें. दाबानें कण एकमेकांना भिडतात आणि भिडल्या जागीं गोठून सांधे धरतात, जणूं कोणी रात्रभर बसून डाग दिला. ही खोड श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

अशा पदार्थावर चालावयाचें तर पट्ट्याला दोन कामें करावीं लागतात. एक, गाडीचें ओझें पसरून तिला रुतूं न देणें. दुसरें, खालच्या थराला धरून गाडी पुढें लोटणें. दोन पायांवर स्वस्थ उभ्या राहिलेल्या माणसाचा भार चौरस इंचाला दोन-अडीच पौंड पडतो. चांगल्या हिमगाडीचा, चालकासकट, अर्धा-पाऊण पौंडाच्या आसपास. म्हणून माणूस गुडघाभर रुततो तेथें यंत्र वरच्यावर तरंगतें. परंतु तरंगणें आणि धरणें या दोन कामांचें नेहमीं पटत नाहीं. शोधकांची सारी धडपड या भांडणांतली मध्यस्थी आहे.

दक्षिण ध्रुवाच्या मुलखांत पहिली मोटार नेली शॅकल्टननें, 1908 सालीं. तिला साधीं चाकें होतीं. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पाठीवर ती धांवली. मऊ हिम लागतांच चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. यांतून धडा घेऊन कॅप्टन स्कॉटनें चाकांऐवजीं साखळ्यांचे पट्टे लावलेल्या तीन मोटार-घसरगाड्या करविल्या आणि 1910 सालीं नॉर्वेच्या हिमांत त्या पारखूनहि पाहिल्या. एक गाडी 8 जानेवारी 1911 रोजीं जहाजांतून उतरवितांना बर्फ फुटून समुद्राच्या तळाशीं गेली. उरलेल्या दोन 24 ऑक्टोबर 1911 रोजीं ध्रुवाच्या वाटेला लागल्या. गुळगुळीत समुद्री बर्फावर त्यांचे पट्टे घसरत. हिम लागलें कीं बरे चालत. अखेर दगा दिला तो पट्ट्यांनीं नव्हे, इंजिनांनीं. आठवडाभरांतच दोन्ही गाड्या वाटेंत सोडाव्या लागल्या, आणि त्यांच्याबरोबरच्या चौघांनीं गळ्यांत पट्टे अडकवून स्वतःच ओझीं ओढलीं. लोकांनीं मात्र सरसकट म्हटलें कीं मोटारीचें हिमांत कांहीं काम नाहीं. अपयशाचें कारण चुकीच्या जागीं शोधलें कीं पुढची पिढी व्यर्थ भटकते. वर्गांत उत्तरपत्रिका तपासतांना हें मीं पुष्कळ पाहिलें आहे.

उत्तर अमेरिकेंत मेन प्रांताच्या जंगलांत ॲल्विन लाँबर्ड यानें 1901 सालींच वाफेचें पट्टेदार इंजिन काढलें होतें, आणि लांकडाच्या ओंडक्यांच्या गाड्यांची लांबच लांब माळ तें ओढीत असे. पण तेथली युक्ति उलट होती. रात्रीं वाटेवर पाणी शिंपून ती गोठवीत, आणि मग त्या तयार वाटेवरून गाड्या जात. हिमाला पट्टा शोधण्याऐवजीं पट्ट्याला सोसेल असें हिम त्यांनीं घडविलें म्हणा ना!

खरा लवचीक पट्टा घडविला तो आदोल्फ केग्रेस या फ्रेंच गृहस्थानें. रशियाच्या झारच्या मोटारखान्यावर तो अधिकारी होता. बादशहाच्या मोटारी हिंवाळ्यांत अडूं नयेत म्हणून त्यानें मागचीं चाकें काढून तेथें साखळीऐवजीं मऊ, वांकणारा पट्टा बसविला आणि पुढच्या चाकांना घसरफळ्या जोडल्या. साखळीला सांधे असतात. सांध्यांत हिम शिरतें, गोठतें आणि साखळी जाम होते. अखंड पट्ट्याला ती भीति थोडी. 1917 च्या क्रांतीनंतर केग्रेस मायदेशीं परतला, पण त्याची गाडी रशियांत राहिली. झारसाठीं काढलेल्या त्या युक्तीच्या पट्ट्यांवर बसविलेली रोल्स-रॉइस पुढें लेनिननें वापरली! फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें केग्रेसला हाताशीं धरलें आणि त्याच्या गाड्या 1922 च्या डिसेंबरांत सहारा वाळवंटांत घातल्या. तीन आठवड्यांत त्या टिंबक्टूला पोंचल्या. हिमासाठीं केलेला पट्टा वाळूंत चालला याचें नवल वाटावयास नको. दोन्ही भुसभुशीत, दोन्ही पायांखालून निसटणारीं.

याच गाड्यांचा आपल्या देशाशींहि संबंध आला. 1931 सालीं सित्रोएनची एक तुकडी बैरूतहून निघून श्रीनगरास आली आणि तेथून बुर्झिल खिंडीच्या वाटेनें गिलगिटपर्यंत गेली. खेंचरांच्या त्या वाटेवर एके ठिकाणीं रस्ताच ढासळलेला होता. तेव्हां गाडी सुटी करून तिचे भाग माणसांच्या खांद्यांवरून पलीकडे नेले आणि पुन्हां जोडले. मी गुलमर्गला ज्या डोंगरांकडे पाहत उभा होतों त्यांच्याच मागल्या बाजूला हें घडलें, आणि इतकीं वर्षें काश्मीरचा नकाशा शिकवून मला त्याची गंधवार्ता नव्हती.

आतां क्वेबेककडे वळूं. कॅनडाच्या या फ्रेंचभाषी प्रांतांत त्या काळीं हिंवाळा आला कीं खेड्यांचे रस्ते महिनोन् महिने बंद पडत आणि मोटारी वसंतापर्यंत ठोकळ्यांवर चढवून ठेवीत. व्हालकूर नांवाच्या गांवीं 1907 सालीं जन्मलेला झोझेफ-आर्मां बोंबार्दिए पंधराव्या वर्षींच धाकट्या भावाच्या साह्यानें जुन्या फोर्डच्या इंजिनाला विमानासारखा पंखा लावून घसरगाडी पळवूं लागला. उघडा फिरणारा पंखा पाहून बापाच्या अंगावर कांटा आला आणि त्यानें ती मोडावयास लावली. 1926 सालीं मुलानें गांवांतच मोटारदुरुस्तीचा कारखाना घातला. उन्हाळ्यांत मोटारी दुरुस्त कराव्या, हिंवाळ्यांत काम नसे तेव्हां हिमगाडीचे प्रयोग करावे, असा क्रम आठ वर्षें चालला.

1934 च्या हिंवाळ्यांत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, आंत्रपुच्छाचा विकार झाला. रुग्णालय शेरब्रूकला, सुमारें पन्नास किलोमीटरांवर. रस्ते हिमानें बुजलेले. बापाची स्वतःची प्रायोगिक गाडी कारखान्यांत सुटी होऊन पडलेली; चाकें एकीकडे, पट्टा दुसरीकडे. मूल दगावलें. याविषयीं अधिक कांहीं बोलवत नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं पावसाळ्यांत पूर आलेल्या नदीच्या अलीकडे आजारी माणूस घेऊन रात्र काढली असेल, त्यांना तें सांगावयास नको.

पुढच्याच वर्षीं त्यानें पट्ट्याचा प्रश्न सोडविला. अडचण अशी होती: लोखंडी दांतेरी चाकावर ओलें हिम चिकटून गोठे, दांते बुजत आणि पट्टा चाकावरून उतरे. बोंबार्दिएनें लांकडी दांतेरी चाकाला रबराचें आवरण दिलें, आणि दोन रबरी पट्ट्या समांतर ठेवून त्यांना पोलादी आडव्या दांड्यांनीं शिडीसारखें जोडलें. चाकाचे दांते या दांड्यांना ढकलीत. रबर लवतें, म्हणून त्यावर जमलेलें हिम निखळून पडतें. 1937 सालीं त्याला या रचनेचें पेटंट मिळालें, आणि सात माणसांची बंद गाडी विकावयास निघाली. घेणारे कोण? खेड्यापाड्यांतले डॉक्टर, पाद्री, गुरांचे वैद्य, हॉटेलवाले. पुढें बारा माणसांची गाडी झाली, शाळेच्या मुलांना नेणारीहि झाली. मध्यंतरीं नवीच कटकट निघाली. वसंतांतलें पाणथळ हिम आधारचाकांच्या आऱ्यांत भरून राही. 1940 सालीं त्यानें आरेच काढून भरीव तबकडीचीं चाकें बसविलीं. बुजावयास पोकळीच उरली नाहीं. मला ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते, कारण तिच्यांत एक कबुली आहे: कोरड्या हिमावर निर्दोष ठरलेलें यंत्र ओल्या हिमांत नव्यानें नापास होऊं शकतें.

1948 सालीं क्वेबेक सरकारनें खेड्यांचे रस्तेहि हिंवाळ्यांत मोकळे ठेवण्याचें ठरविलें. मोठी हिमगाडी हवी कोणाला? विक्री जवळजवळ निम्म्यानें घटली. बोंबार्दिएनें तेच पट्टे दलदलींत आणि खाणींत चालणाऱ्या यंत्रांना लाविले आणि धंदा तारला. इकडे त्याचा मुलगा झेर्में यानें आंत पोलादी कांबी घातलेला अखंड रबरी पट्टा तयार केला. त्या एका पट्ट्यामुळें लहानखुरी, हलकी, एक-दोन माणसांची गाडी शक्य झाली. 1959 सालीं ती स्की-डू या नांवानें बाहेर आली. मूळ नांव कुत्र्यांच्या गाडीवरून स्की-डॉग असावयाचें होतें आणि अक्षराची चूक होऊन स्की-डू झालें, अशी आख्यायिका सांगतात. पहिल्या गाड्यांपैकीं एक ऑन्टारिओच्या उत्तरेस लॅन्सडाऊन हाऊस येथें मिशनरी काम करणाऱ्या पाद्री मित्राकडे गेली. कुत्र्यांच्या गाडीनें दिवसेंदिवस हिंडणाऱ्याला तिची खरी गरज होती. बोंबार्दिए 1964 सालीं वारला, छप्पन्नाव्या वर्षीं.

या सुमारास दक्षिण ध्रुवावरहि एक परीक्षा झाली, आणि तिच्यांतला परीक्षार्थी आपल्या ओळखीचा आहे. एव्हरेस्टवीर हिलरी 1957 सालीं तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन ध्रुवाकडे निघाला. हे शेतांत नांगर ओढणारे ट्रॅक्टर. चाकांभोंवतीं पट्टे चढविलेले, आणि भेगेंत एक पडला तर इतरांनीं ओढून काढावा म्हणून तिन्ही दोरानें एकत्र बांधलेले. वाऱ्यानें घट्ट केलेल्या हिमावर ते निभावले. मऊ हिम लागलें कीं ओझें उतरवून गति सांभाळावी लागे. 4 जानेवारी 1958 रोजीं ते ध्रुवावर पोंचले. समोरच्या बाजूनें डॉ. फुक्स चार-चार रुंद पट्टे असलेल्या स्नो-कॅट गाड्या घेऊन 19 जानेवारीला तेथें आला आणि पुढें सबंध खंड ओलांडून 2 मार्चला पलीकडच्या किनाऱ्यावर उतरला. एकूण 99 दिवस. वर्तमानपत्रांनीं पहिला कोण याचाच डांगोरा पिटला. पट्ट्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर पैज नव्हतीच. एकाचे पट्टे शेतांतून उचलून आणलेले, दुसऱ्याचे हिमासाठींच घडविलेले.

आज ज्याला हिमगाडी घ्यावयाची आहे त्याच्यापुढें पट्ट्यांची रांग असते, आणि इंचांत बोललें जातें. सपाट, यंत्रानें दाबून केलेल्या वाटेसाठीं 120 ते 137 इंच घेराचा, सुमारें पंधरा इंच रुंद पट्टा घेतात. कंगोरे एक ते दीड इंच. मग तीन इंचांचेच कंगोरे सगळीकडे कां वापरूं नयेत? मीं हाच प्रश्न त्या चालकाला विचारला होता. कठीण वाटेवर उंच रबर वांकतें, वेगांत तापतें आणि मुळाशीं फाटतें; शिवाय लांब पट्टा सरळ जाऊं पाहतो, वळतांना हट्ट करतो. डोंगरांतल्या खोल कोरड्या हिमाचा न्याय उलट. तेथें धरावयाला घट्ट असें कांहीं नसतेंच. पट्टा तेथें वल्ह्यासारखा वागतो; हिम दाबीत, मागें लोटीत जातो. म्हणून 155 ते 174 इंच घेर आणि अडीच-तीन इंचांचे कंगोरे. 1990 नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पश्चिम डोंगरांत असे पट्टे रुळले. तोंपर्यंत जेथें गाडी नेण्याचें कोणाच्या मनांत येत नव्हतें असे उतार त्यांनीं खुले केले, आणि हिमकडे कोसळून गाडलें जाण्याचें भयहि त्याबरोबर वाढलें. अशा हिमांत आंखूड पट्ट्याला नुसता जोर दिला तर तो स्वतःखालीं खड्डा खणतो. जितका जोर अधिक, तितका खड्डा खोल.

निखळ बर्फाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यावर रबर घसरतें, म्हणून आंखूड कंगोऱ्यांच्या पट्ट्यांत धातूचे खिळे बसवितात. तेच खिळे खोल हिमांत निव्वळ वजन. आणि एक गंमत ऐका. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्यांवरून धांवतो त्यांना ओलावा देण्याचें, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाचें पाणी निवविण्याचें काम पट्ट्यानें उडविलेलें हिमच करीत असतें. नुसत्या बर्फावर उडावयाला हिम नाहीं. त्यामुळें कडाक्याच्या थंडींत गाडी उष्णतेनें बंद पडते! उपाय म्हणून बर्फ खरवडून भुगा उडविणाऱ्या तारा खालीं लावतात. ओझें ओढावयाचें असेल तर वीस किंवा चोवीस इंच रुंदीचा पट्टा. वेग नको, पाठ भक्कम हवी.

राहिलें ओलें, वितळतें हिम. त्याला कोणताच पट्टा पुरता मानवत नाहीं. तें जड असतें, चिकटतें, आणि खालीं पाणी सांचलें असेल तर गाडी लापशींत घातल्यासारखी बसते. या त्रासाची माहिती गोव्याच्या वास्कोंत चांगली आहे. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजीं मुरगांव बंदरांतूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची आपली संस्थाहि तेथेंच आहे. जहाज लागतें त्या बर्फाच्या कांठापासून आपलें मैत्री ठाणें सुमारें शंभर किलोमीटर आंत. सामान पट्टेदार यंत्रांच्या तांड्यानें न्यावें लागतें, आणि तेथल्या उन्हाळ्यांत वरचा थर वितळूं लागला कीं काल चाललेली वाट आज चालेलच असें नसतें.

आमची गाडी त्या दिवशीं वळणावरूनच परत फिरली. संध्याकाळीं चालकाच्या एका सोबत्यानें लांब पट्ट्याची गाडी आणून त्या ताज्या हिमावर दहा-वीस खेपा घातल्या आणि तें दाबून ठेवलें. मला वाटलें, सकाळपर्यंत काय फरक पडणार! रात्रीं थंडी मी म्हणत होती. दुसऱ्या दिवशीं आठ वाजतां तोच चालक, तीच गाडी आणि तोच एका पेराच्या कंगोऱ्यांचा पट्टा. वळण आलें, गाडी न थांबतां पुढें गेली. पलीकडे उतरून मीं दाबलेल्या वाटेवर टांच आपटून पाहिली. ती रुतली नाहीं. वाटेबाहेर एक पाऊल टाकलें, आणि मुलानें हात धरून मला मांडीभर हिमांतून वर काढलें.